हिंदीत समजते, पंजाबीत नाही: स्वरयंत्र काढलेल्या एका रुग्णाच्या वाक्-पुनर्वसनाचे प्रकरण

हे प्रकरण रुग्ण आणि त्यांच्या कुटुंबाच्या संमतीने लिहिले आहे. वय, व्यवसाय आणि ठिकाण यांतील ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वाक्-उपचाराचा क्रम आणि निर्णय मात्र जसे घडले तसेच ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

रुग्ण साठीतले गृहस्थ, मुंबई उपनगरात मालवाहतुकीचा व्यवसाय करणारे. फाळणीनंतर त्यांचे कुटुंब मुंबईत आले आणि घरात आजही पंजाबीच बोलली जाते. पत्नीचे माहेर अमृतसर जिल्ह्यातले. आई, जिला घरात सगळे बीजी म्हणतात, ऐंशी ओलांडलेली आणि पंजाबीखेरीज दुसरी भाषा फारशी न वापरणारी. रुग्ण स्वतः चालकांशी हिंदीत, वजनकाट्यावरच्या माणसांशी कामापुरत्या मराठीत आणि घरी पंजाबीत बोलत. तरुणपणी लांबच्या फेऱ्यांवर जडलेले बिडीचे व्यसन आवाज घोगरा होईपर्यंत सुटले नव्हते.

निदान झाले तेव्हा गाठ स्वरयंत्राच्या कूर्चेतून बाहेर आली होती, त्यामुळे स्वरयंत्र वाचवून उपचार करणे शक्य नव्हते. संपूर्ण स्वरयंत्र काढले गेले, मानेतल्या गाठी काढल्या गेल्या आणि नंतर सहा आठवडे रेडिएशन झाले. या शस्त्रक्रियेत श्वासनलिकेचे वरचे टोक गळ्याच्या पुढच्या भागात कायमचे बाहेर उघडतात. त्या छिद्राला स्टोमा म्हणतात. श्वास तिथूनच सुरू होतो आणि तिथेच संपतो. फुप्फुसांतली हवा तोंडाकडे जाण्याचा रस्ता बंद होतो. जीभ, ओठ, दात, टाळू शाबूत असतात, पण त्यांनी घडवायचा मूळ ध्वनीच उरत नाही.

पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळीच श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीत बोलण्यासाठी झडप बसवावी का, याचा विचार झाला होता. रुग्णाला मधुमेह होता, साखर आटोक्यात नव्हती आणि जखम भरण्याची काळजी होती, म्हणून ते पुढे ढकलले गेले. त्याऐवजी त्यांना एकाच सुराचा साधा इलेक्ट्रोलॅरिंक्स दिला गेला. हे हातात धरायचे बॅटरीवरचे उपकरण मानेला टेकवून बटण दाबले की गुणगुणणारा ध्वनी देते आणि तोंड त्या ध्वनीला शब्दांचा आकार देते. रेडिएशनच्या काळात मान सुजलेली आणि कडक होती, तेव्हा ध्वनी तोंडाच्या कोपऱ्यातून नळीने आत सोडावा लागला. सूज उतरल्यावर हनुवटीच्या खाली, जरा डावीकडे, एक मऊ जागा सापडली आणि तिथून बोलणे स्पष्ट येऊ लागले.

अडचण कशी लक्षात आली

आधीच्या केंद्रातली तपासणी हिंदीत झाली होती. रुग्ण वाक्ये वाचत आणि अनोळखी श्रोता ती लिहून काढी. निकाल चांगला होता. नोंदीत 'बोलणे समाधानकारक' असा शेरा होता आणि सत्रे महिन्यातून एकदा करण्याचे ठरले होते. कार्यालयात त्यांचे काम सुरळीत चालले होते. चालकांना फोनवरही त्यांचे म्हणणे समजत होते.

आमच्याकडे त्यांना घेऊन आली ती सून. तिने सांगितले ते असे: पापाजी आता मम्मीजींशी हिंदीत बोलतात आणि बीजींशी तर बोलतच नाहीत, नुसती मान हलवतात. घरातल्यांना वाटले की आजारपणाने मन खचले आहे. पत्नीला विचारले तेव्हा तिने वेगळी गोष्ट सांगितली. ती स्वयंपाकघरात असताना बाहेरून यांचा एक शब्द यायचा आणि तिला तो ओळखूच यायचा नाही. ती "की?" (म्हणजे काय?) म्हणून विचारायची, हे पुन्हा तोच शब्द बोलायचे, ती चुकीचे काहीतरी आणून द्यायची. काही आठवड्यांनी त्यांनी विचारणेच सोडले.

इथे पंजाबीचे एक वैशिष्ट्य समजून घ्यावे लागते, कारण सगळे प्रकरण त्यावर उभे आहे. पंजाबी ही सुरावर अर्थ ठरणारी भाषा आहे. भारताच्या पश्चिम आणि मध्य भागातल्या आर्य भाषांमध्ये हे सहसा आढळत नाही, म्हणून आपल्या ते ध्यानात येत नाही. घ, झ, ढ, ध, भ हे महाप्राण घोष ध्वनी, म्हणजे घुमणाऱ्या आवाजासोबत हवेचा झोत सोडून उच्चारायचे ध्वनी, मराठीत आणि हिंदीत जसेच्या तसे टिकले. पंजाबीत ते झिजले आणि जाताना आपली खूण शब्दाच्या सुरात ठेवून गेले. शब्दाच्या सुरुवातीला 'घ' असेल तर बोलताना तो 'क' होतो आणि पुढचा स्वर खालच्या सुरात जातो. लिपीत 'घोडा' लिहितात, उच्चार 'कोडा'च्या जवळचा पण खालच्या सुराचा असतो. सपाट सुरातला 'कोडा' म्हणजे चाबूक आणि वरच्या सुरातला 'कोढा' म्हणजे कुष्ठरोगी. तसेच 'धी' म्हणजे मुलगी, खालच्या सुरात, आणि 'तीह' म्हणजे तीस, वरच्या सुरात. 'कर' आणि 'घर', 'पार' आणि 'भार' यांतला फरकही सुराचाच. मराठी माणसाला जिथे 'घ' ऐकू येतो, तिथे पंजाबी माणूस सूर ऐकत असतो.

सूर साधण्याचे काम स्वरयंत्राचे. स्वरतंतू ताणले की सूर चढतो, सैल सोडले की उतरतो आणि हे एका अक्षराच्या आत, क्षणाच्या अंशात घडते. साध्या इलेक्ट्रोलॅरिंक्सचा सूर कारखान्यातून किंवा एका स्क्रूने ठरवलेला असतो, बोलताना तो बदलत नाही. त्यात आणखी एक भर पडते. उपकरणाचा ध्वनी व्यंजनाच्या वेळीही चालूच राहतो, त्यामुळे 'क' हा 'ग'सारखा ऐकू येतो, आणि तोंडातून फुप्फुसांची हवाच जात नसल्याने महाप्राणही नीट उमटत नाही. हिंदीत याची झळ मर्यादित असते. 'घोडा'चा 'गोडा' झाला तरी हिंदी ऐकणारा सावरून घेतो. पंजाबीत मात्र घोडा, चाबूक आणि कुष्ठरोगी हे तिन्ही शब्द एकाच 'गोडा'त मिसळतात आणि त्यांना वेगळे करणारे काहीच शिल्लक राहत नाही.

म्हणजे हिंदीतला चांगला निकाल खरा होता. तो चुकीच्या भाषेत घेतला होता, एवढेच.

घरच्या भाषेतली तपासणी

पंजाबीतली तयार चाचणी आमच्याकडे नव्हती. सुनेच्या मदतीने सुरानेच वेगळे होणारे रोजच्या वापरातले शब्द तिघा-तिघांच्या आणि दोघा-दोघांच्या गटांत लिहून काढले. गुरुमुखी लेखनात घ, ध, भ ही अक्षरे कायम असल्यामुळे रुग्णाला काय म्हणायचे आहे हे कागदावर नि:संदिग्ध राहत होते. श्रोते तीन प्रकारचे निवडले: पत्नी, जी त्यांचे बोलणे रोज ऐकते, पंजाबी बोलणारा पण ओळखीचा नसलेला एक जण, फोनवरून, आणि बीजी. प्रत्येकाने ऐकलेला शब्द दिलेल्या पर्यायांतून निवडायचा.

तिघांच्या गटात नुसता अंदाज केला तरी तिनांत एक उत्तर बरोबर यायला हवे. अनोळखी श्रोत्याचा निकाल त्याच्या फारसा वर गेला नाही. पत्नीचा थोडा बरा होता. बीजींनी जवळजवळ सगळीकडे सपाट सुराचा शब्द निवडला. हे अपेक्षितच होते, कारण न बदलणारा सूर कानाला सपाट सूरच वाटतो. हेच शब्द पूर्ण वाक्यात घातले की पत्नीला बहुतेक सगळे समजत होते. संदर्भ खूप काही भरून काढतो, आणि सुराच्या भाषा बोलणारे कितीतरी रुग्ण इलेक्ट्रोलॅरिंक्सवर आयुष्य निभावतात ते त्याच बळावर. पण घरातले बोलणे पूर्ण वाक्यांत होत नाही. ते एका शब्दाचे, अर्ध्या प्रश्नाचे, दुसऱ्या खोलीतून मारलेल्या हाकेचे असते, आणि तिथेच यांची वाट अडत होती.

बीजींच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी निघाली. त्यांची श्रवणचाचणी केली तेव्हा दोन्ही कानांत बरीच घट होती, जी घरात कोणी गांभीर्याने घेतली नव्हती. मुलाचा जुना आवाज त्यांना सवयीने कळत होता, नवा कळत नव्हता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता उपकरण बदलण्याचा. दोन बटणांचे इलेक्ट्रोलॅरिंक्स मिळतात, ज्यात दुसरे बटण दाबले की सूर वर जातो. काहींत बटणावरचा दाब कमी-जास्त करून सूर बदलता येतो. तात्पुरते मागवलेले दोन बटणांचे उपकरण देऊन पाहिले. सुटा शब्द म्हणताना ते बऱ्यापैकी जमले. बोलण्याच्या ओघात मात्र अंगठा एक अक्षर उशिरा पोहोचत होता आणि चढलेला सूर पुढच्याच शब्दावर जाऊन बसत होता. शिवाय वर जाणारे बटण वरच्या सुराला उपयोगी पडते, खालच्या सुरासाठी मूळ पातळीच्या खाली जावे लागते आणि त्याची सोय या उपकरणात नव्हती.

दुसरा पर्याय अन्ननलिकेच्या आवाजाचा. यात हवा तोंडातून अन्ननलिकेच्या वरच्या भागात घेऊन परत बाहेर सोडतात आणि तिथली स्नायूंची कडा थरथरून आवाज येतो. उपकरण लागत नाही, खर्च नाही, दोन्ही हात मोकळे राहतात. पण शिकायला महिनोन्महिने लागतात, सगळ्यांना जमत नाही आणि एका दमात थोडेच शब्द येतात. रुग्णाचा धीर आधीच संपत आला होता.

तिसरा पर्याय आपल्याकडे जवळजवळ विसरला गेलेला आहे. स्टोमावर एक छोटी वाटी बसवायची, त्यातून फुप्फुसांची हवा एका पडद्यावर किंवा पट्टीवर जाते, ती थरथरते आणि ध्वनी नळीने तोंडात येतो. 1873 मध्ये व्हिएन्नात शल्यविशारद बिलरोथ यांनी कर्करोगासाठी पहिल्यांदा संपूर्ण स्वरयंत्र काढले, त्या रुग्णासाठी त्यांचे सहकारी गुसेनबाउअर यांनी घडवलेले साधनही हवेवर थरथरणाऱ्या धातूच्या पट्टीचेच होते. पुढे पाश्चात्त्य देशांत ही साधने मागे पडली, पण पूर्व आशियात टिकली, आणि त्याचे कारण आमच्या प्रकरणाशी थेट जुळते. श्वासाचा जोर वाढवला की पडद्याचा सूर चढतो, कमी केला की उतरतो, म्हणजे सूर पुन्हा श्वासाच्या ताब्यात येतो. हाँगकाँग आणि दक्षिण चीनमध्ये बोलल्या जाणाऱ्या कँटोनीज भाषेत सहा सूर आहेत आणि त्यांतले तीन सपाटच, नुसत्या उंचीने वेगळे होणारे. तिथल्या रुग्णांवर हाँगकाँगमध्ये झालेल्या अभ्यासांत सूर ओळखू येण्याच्या बाबतीत हवेवरचे हे साधन इलेक्ट्रोलॅरिंक्सपेक्षा सरस ठरले आहे. आम्हाला ते जवळपास मिळाले नाही, आणि तोंडात कायम नळी ठेवायला रुग्णही तयार नव्हते.

चौथा पर्याय म्हणजे पुढे ढकललेली झडप. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीत छोटे छिद्र करून एका दिशेने उघडणारी सिलिकॉनची झडप बसवतात. अमेरिकेतले शल्यविशारद सिंगर आणि वाक्-उपचारतज्ज्ञ ब्लोम यांनी ही पद्धत 1980 च्या सुमारास रूढ केली. बोटाने स्टोमा झाकून श्वास सोडला की फुप्फुसांची हवा झडपेतून अन्ननलिकेत जाते आणि तिथली कडा थरथरते. सूर स्वरतंतूंइतका बारकाईने फिरत नाही आणि आवाज जाड, खालचा राहतो. तरी हवा स्वतःच्या छातीतली असल्याने जोर आणि सूर दोन्ही थोडेफार हाताशी राहतात. जमेच्या बाजूला हे, खर्चाच्या बाजूला बरेच काही: आयात झडपेची किंमत हजारांत, काही महिन्यांनी ती बुरशीच्या थराने गळू लागते आणि बदलावी लागते. बंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांनी साधारण 50 रुपयांत बनणारी झडप विकसित केल्यापासून खर्चाचा प्रश्न निदान चर्चेत आला आहे. या रुग्णासाठी शल्यविशारदांनी आपल्या सरावातली आयात झडपच निवडली, कारण कुटुंबाला खर्च झेपणारा होता आणि रेडिएशन झालेल्या मानेत नव्या मापाशी जुळवून घेण्याचा धोका त्यांना नको होता.

पाचवा पर्याय यंत्राचा नव्हता. शब्द बदलणे, संदर्भ जोडणे, ऐकणाऱ्यांना शिकवणे. तो कोणत्याही परिस्थितीत करायचाच होता.

कळीचा निर्णय

रेडिएशननंतर झडप बसवायची तर आधी एक चाचणी करतात. नाकातून पातळ नळी अन्ननलिकेत साधारण 25 सेंटिमीटरपर्यंत सोडून तिच्यातून हवा देतात आणि रुग्णाला आवाज काढायला सांगतात. 'आ' किती वेळ टिकतो आणि दहा-पंधरापर्यंत आकडे सलग म्हणता येतात का, एवढेच सहसा पाहिले जाते. अन्ननलिकेचा वरचा स्नायू आवळून बसत असेल तर ते इथेच कळते.

या रुग्णाने आकडे म्हटले आणि चाचणी उत्तीर्ण झाली. आम्ही तिथे थांबलो नाही. नळी जागेवर असतानाच त्यांच्या पुढे गुरुमुखीत लिहिलेले शब्द धरले आणि पत्नीला पडद्याआड बसवले. आवाज खरखरीत होता आणि शब्द तुटक येत होते. 'तीह' म्हणताना त्यांनी छातीने जोर लावला, 'धी' म्हणताना आपोआप सोडून दिला. पत्नीने पडद्यामागून 'धी' म्हटले आणि ते बरोबर होते. सगळेच शब्द तिला ओळखता आले नाहीत. सपाट आणि वरचा सूर यांत ती वारंवार चुकली. पण खालचा सूर वेगळा ओळखू येत होता, आणि इलेक्ट्रोलॅरिंक्सवर तेवढेही होत नव्हते.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोलाचा अर्धा तास हाच. शस्त्रक्रियेचा निर्णय 'आवाज येतो का' यावर न घेता 'घरच्या भाषेत फरक पडतो का' यावर घेता आला, आणि रुग्णाला काय मिळेल व काय मिळणार नाही हे आधीच ऐकवता आले. वरच्या आणि सपाट सुरातला फरक कदाचित परत येणार नाही, हे त्यांना त्याच दिवशी सांगितले. त्यांनी कागदावर लिहिले, "जितना मिले।"

साखर आटोक्यात आणायला काही आठवडे गेले. त्यानंतर झडप बसवली.

केलेले उपचार

सुरुवातीचे दिवस स्टोमा नीट झाकण्यात गेले. बोट जरा तिरके पडले तरी हवा निसटते आणि फसफस ऐकू येते. ते जमल्यावर लगेच सुरांकडे न वळता आम्ही जोर कमी-जास्त करण्याचा सराव घेतला, कारण या आवाजात जोर आणि सूर एकत्र चढतात व एकत्र उतरतात. खालच्या सुराच्या शब्दात स्वराच्या मध्यावर जोर सोडायचा आणि शेवटी किंचित सावरायचे, वरच्या सुरात सुरुवातीलाच रेटा द्यायचा, असा क्रम बसवला. फोनच्या रेकॉर्डिंगवर ते स्वतः ऐकत आणि बरेचदा आमच्या आधी स्वतःच मान हलवून 'नाही' म्हणत.

जे शब्द सुराने वेगळे होणार नव्हते त्यांच्यासाठी जोडशब्द ठरवले. नुसते 'घर' म्हणण्याऐवजी 'अपणे घर', नुसत्या 'तीह'ऐवजी 'तीह रुपये'. हे पत्नीने सुचवले आणि तेच सर्वांत टिकले. ऐकणाऱ्यांसाठी नियम असा की शब्द कळला नाही तर पुन्हा तोच म्हणायला लावायचे नाही, दोन शक्यता विचारायच्या. तोच शब्द पुन्हा म्हटल्याने तोच सूर पुन्हा येतो.

घरी हिंदीत बोलण्याचा सल्ला त्यांना पूर्वी कोणीतरी दिला होता. तो आम्ही मागे घेतला. कामावर हिंदी ठेवावी, घरात पंजाबीच, चुकली तरी. बीजींना श्रवणयंत्र दिले. इलेक्ट्रोलॅरिंक्स काढून न घेता राखीव ठेवला, झडप गळू लागली किंवा बोट थकले तर हाताशी असावा म्हणून.

परिणाम

काही महिन्यांनी त्याच शब्दांची तीच तपासणी पुन्हा घेतली. खालच्या सुराचे शब्द पत्नीला बहुतांशी आणि अनोळखी श्रोत्याला बऱ्याच वेळा ओळखू आले. वरचा आणि सपाट सूर यांतला गोंधळ जवळजवळ तसाच राहिला. म्हणजे 'घर' आणि 'कर' वेगळे झाले, पण 'कोडा' आणि 'कोढा' नाही. बीजी श्रवणयंत्र सकाळी लावतात आणि दुपारी काढून ठेवतात. ते लावलेले असताना मुलगा त्यांच्याशी पंजाबीत बोलतो. संध्याकाळी आवाज थकलेला असतो, जोर टिकत नाही आणि सूर आधी जातो, असे पत्नीचे निरीक्षण आहे. आमच्या नोंदीतही तेच दिसते, म्हणून पुढच्या तपासण्या मुद्दाम संध्याकाळी ठेवल्या.

पाचव्या महिन्यात चहा पिताना खोकला येऊ लागला. रंगीत पाणी पाजून पाहिल्यावर झडपेतूनच गळती दिसली आणि ती बदलली. त्या चार-पाच दिवसांत ते राखीव उपकरणावर बोलले, आणि घरातल्यांना सुराचा फरक तेव्हाच सर्वांत स्पष्ट जाणवला.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट शस्त्रक्रियेच्या आधीची. स्वरयंत्र काढण्यापूर्वी रुग्णाचे घरच्या भाषेतले बोलणे ध्वनिमुद्रित केले असते, तर त्यांचा नेहमीचा सूर किती वर-खाली जातो हे कळले असते आणि सरावाला स्वतःचाच नमुना मिळाला असता. याला फोन पुरतो. रुग्ण घरी कोणती भाषा बोलतो, हा प्रश्न दाखल होतानाच्या कागदांत असतो, पण त्याचा उपयोग दुभाषा शोधण्यापुरता होतो.

दुसरी गोष्ट झडपेच्या वेळेची. मूळ शस्त्रक्रियेतच झडप बसवणे आणि अन्ननलिकेचा आवळणारा स्नायू त्याच वेळी सैल करणे शक्य असते. मधुमेहामुळे ते टाळणे समर्थनीय होते. मात्र तो निर्णय घेताना इलेक्ट्रोलॅरिंक्स 'सध्यापुरता पुरेसा' मानला गेला, आणि तो पुरेसेपणा हिंदीच्या मापाने ठरला होता. घरची भाषा विचारात घेतली असती तर साखर आधी नियंत्रणात आणून मग दोन्ही एकत्र करण्याचा पर्याय निदान चर्चेला आला असता. गाठीची घाई पाहता तो अखेर नाकारलाही गेला असता, पण तो टेबलावर असायला हवा होता.

तिसरी गोष्ट गप्प बसण्याच्या अर्थाची. रुग्ण आईशी बोलत नाही याला मन खचणे समजले गेले आणि समुपदेशन सुचवले गेले. खचलेपण होतेच, पण त्याचा मोठा भाग समजले न जाण्यातून आलेला होता. घरातल्या श्रोत्यांना पहिल्या महिन्यातच तपासणीत बसवले असते तर हे लवकर दिसले असते, आणि बीजींची श्रवणचाचणीही तेव्हाच झाली असती.

हवेवर चालणाऱ्या साधनाबद्दल माझे मत अजून कायम आहे की ते आपल्याकडे सहज मिळायला हवे. मुंबईत कर्करोगाच्या उपचारांसाठी ईशान्य भारतातून येणाऱ्या रुग्णांमध्ये मिझो आणि मणिपुरी बोलणारे असतात, आणि या दोन्ही भाषांतही अर्थ सुरावर ठरतो. त्यांच्यातल्या अनेकांना झडप बदलायला दर काही महिन्यांनी मुंबईला येणे परवडणारे नाही. धुऊन पुन्हा वापरता येणारे, गावातच दुरुस्त होणारे साधन त्यांना अधिक उपयोगी पडेल. सध्या आम्ही एवढे केले आहे की पंजाबीसाठी बनवलेला शब्दसंच नीट मांडून ठेवला आहे आणि मिझो व मणिपुरी शब्दसंच त्या-त्या भाषेच्या रुग्णांच्या नातेवाइकांकडून, शस्त्रक्रियेच्या आधीच्या भेटीत, भरून घ्यायला सुरुवात केली आहे.